सातव्या काचेवर नसलेली रेषा

बालीगंज, कलकत्ता
रविवार, ५ नोव्हेंबर १९७८

चि. सौ. कालिंदीस,

दादाचे आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. तुम्ही दोघं खुशाल असाल.

गुरुदत्तरावांच्या हाती पाठवलेला फराळाचा डबा परवा पोचला. भाऊबीजेला आलो नाही म्हणून शिक्षा होईल आणि चकल्या वगळल्या जातील अशी भीती होती, पण तू मोठ्या मनाची आहेस. अर्ध्या चकल्या मी खाल्ल्या, अर्ध्या घराने. आशाच्या मते घरात तीन माणसं असताना ही वाटणी बरोबर नाही. गुरुवारी माझं पोट अचानक बिघडलं, म्हणून येणं झालं नाही. आता बरं आहे.

पुराचं तू ऐकलंच असशील. सप्टेंबरच्या शेवटी आमच्या गल्लीत कमरेइतकं पाणी होतं. खालच्या मजल्यावरच्या घोषबाई सामानसुमानासकट चार दिवस आमच्याकडे होत्या. त्यांची पेटी पलंगावर आणि आम्ही जमिनीवर. जाताना म्हणाल्या, "आपनादेर खूब कष्टो दिलाम." आशा म्हणाली, कष्ट कसले, आणि मग पाठीला आठवडाभर तेल चोळून घेतलं.

इन्स्टिट्यूटमध्येही तळमजल्यावर पाणी शिरलं. आपल्या मोजणीच्या खोलीतलं लोखंडी कपाट आठवतं ना? काचांची पेटी वरच्या फळीवर होती, ती वाचली. वह्या खालच्या फळीवर होत्या, त्या भिजल्या. पूजेच्या सुट्टीत मी एकटा जाऊन त्या दोरीवर वाळत घातल्या. गंमत बघ, मी शाईने लिहायचो, माझी पानंच्या पानं निळी होऊन गेली. तू पेन्सिलने लिहायचीस. तुझा एकही आकडा हललेला नाही.

तुझ्या वहीत एक्केचाळीस नंबरचं पान नाही. ते मला माहीत होतं. त्याच्याबद्दलच लिहायला बसलो आहे, आणि चकल्या आणि घोषबाई यांच्यात दीड पान घालवलं.

गुरुदत्तराव शुक्रवारी डबा घेऊन आले तेव्हा तासभर बसले. तुझा नवरा मोजकं बोलणारा माणूस. तेलाच्या डेपोत काम करून करून त्यांना ठिणगीची भीती बसली असावी असं मी आशाला चेष्टेने म्हणतो. त्या दिवशी मात्र बोलले. म्हणाले, "दादा, जवळच्या मुलींच्या कॉलेजात फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला डेमॉन्स्ट्रेटर हवी आहे. हिने फॉर्म भरलाय आणि ट्रंकेत तळाशी ठेवून दिलाय. पंधरा तारीख शेवटची."

मी विचारलं, का?

"म्हणते, व्हर्नियर मला वाचता येणार नाही. मुलींना चुकीचं वाचून दाखवीन. दादाने तेव्हाच सांगितलं होतं, माझी नजर या कामाची नाही." मग म्हणाले, "ही डाळ दोनदा निवडते, दादा. दुसऱ्यांदा निवडताना एक खडा सापडलेला मी कधी बघितला नाही. तरी दोनदा. सुई माझ्याकडून ओवून घेते. तुम्ही एकदा बोला ना तिच्याशी. तुमचा शब्द ती मानते."

तुमचा शब्द ती मानते. आशा चहा घेऊन आली म्हणून मला उठून खिडकीशी जाता आलं.

कालिंदी, तुझी नजर चांगली आहे. तेव्हाही चांगली होती. हे वाक्य मी मार्च बहात्तरमध्ये लिहायला हवं होतं. आता सगळं क्रमाने सांगतो, कारण तुला यातलं अर्धंच माहीत आहे.

त्या अकरा काचा मी एकोणसत्तर साली अमेरिकेहून आणल्या तेव्हा तू एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतीस. हातावर मावेल एवढ्या काचेवर एका दीर्घिकेचा वर्णपट, करड्या पट्टीवर काळ्या उभ्या रेघा. तू त्या दीर्घिकांना बुटक्या म्हणायचीस. आकाराने लहान, रंगाने निळ्या, आणि आत नव्या ताऱ्यांची नुसती खिचडी शिजतेय. माझा आणि तिकडच्या माझ्या साहेबांचा दावा असा होता की या तप्त ताऱ्यांचा सगळा अतिनील प्रकाश भोवतीचा वायू गिळतो आणि रेषांच्या रूपाने परत देतो. म्हणजे रेषा मोजल्या की आत तारे किती ते कळलं. सुटसुटीत गोष्ट. दहा काचांनी मान डोलावली. सातवीने डोलावली नाही.

आपली पद्धत होती. एकाने मोजायचं, दुसऱ्याने पहिल्याचे आकडे न बघता पुन्हा मोजायचं, मग दोन्ही पानं शेजारी ठेवायची. पानाखाली दोन सह्या, मोजणारा आणि तपासणारा. तू "मोजणारा" खोडून प्रत्येक वेळी "मोजणारी" लिहायचीस आणि मी दर वेळी हसायचो.

सातव्या काचेचं पान उघडून तू वही माझ्या टेबलावर ठेवलीस तेव्हा ऑक्सिजनच्या जांभळ्याकडच्या रेषेपुढे, सदतीसशे सत्तावीस तरंगलांबीपुढे, "नाही" असा एकच शब्द होता. मी म्हटलं, काच त्या टोकाला आंधळी असेल. तू म्हणालीस, "दादा, मग शेजारची निऑनची रेषा कशी दिसते? अडतीसशे एकोणसत्तर ठळक आहे. आंधळी काच शेजारचं बघते आणि हेच बघत नाही?" वर तू निऑनवरून आणि हिरव्या रेषांवरून दीर्घिकेची गती काढून, ती रेषा कुठे पडायला हवी तिथे बरोबर सुई लावली होतीस. तिथे नुसते काचेवरच्या लेपाचे दाणे होते.

त्यावर मी म्हणालो, तू दमली आहेस, उद्या बघू.

रेषा नसण्याचा अर्थ काय ते तुला तेव्हाच कळलं होतं. काल मी आशाला समजावून सांगितला. तिला म्हटलं, एकाहत्तरच्या डिसेंबरातलं ब्लॅकआउट आठव. खिडकीच्या काचांना आपण खाकी कागद चिकटवले होते. एका कोपऱ्यात कागद अपुरा पडला आणि खालून वॉर्डन ओरडला, "आलो देखा जाच्छे!" उजेड दिसतोय. ताऱ्यांभोवतीच्या ढगाचं तसंच. ढग पुरेसा मोठा असेल तर आतला प्रकाश कडेपर्यंत जाऊन संपतो आणि त्या कडेच्या भागातून सदतीसशे सत्तावीसची रेषा निघते. ती रेषा नाही याचा अर्थ प्रकाश संपायच्या आधीच ढग संपला. उरलेला प्रकाश बाहेर निसटला. सातवी बुटकी प्रकाश गिळत नव्हती, सोडत होती. कालीने हे सहा वर्षांपूर्वी एका शब्दात लिहिलं होतं.

आशा म्हणाली, "पण तुमच्या छापलेल्या लेखात त्या रेषेचा आकडा आहे ना? मग जी रेषा नव्हतीच ती तुम्ही मोजलीत कशी?"

तिने फक्त विचारलं होतं. सहा वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, मीसुद्धा नाही.

कशी मोजली ते सांगतो. दुसऱ्या दिवशी तू येण्याआधी मी यंत्राला डोळा लावला. मला रेषा दिसली नाही. हे नीट वाच, कालिंदी. मला चुकून दिसली, भास झाला, असं काही नाही. दाणे होते, तुझ्यासारखेच मलाही दाणे दिसले. मग मी कागद घेतला, आमच्या दाव्याप्रमाणे ती रेषा किती ठळक असायला हवी ते काढलं, त्यातून थोडं कमी केलं, कारण अगदी जुळलेला आकडा संशयास्पद दिसतो, आणि तो माझ्या पानावर लिहिला. तू आल्यावर तोच दाखवून म्हणालो, रेषा आहे, तुझ्या नजरेतून सुटली. तुझं पान वहीतून फाडलं. फेकून द्यायचं धैर्य झालं नाही, म्हणून काचांच्या पेटीच्या मखमलीखाली सरकवून ठेवलं.

लेख साहेबांकडे तयार होता, त्यांची तार आली होती, हे सगळं खरं. पण ते कारण पुरेसं नव्हतं. मला तुझा राग आला होता. मी दोन वर्षं अमेरिकेत राहून आलेला, आणि माझी धाकटी बहीण, जिला मी दशांश चिन्ह शिकवलं, ती एक शब्द लिहून मोकळी होते आणि तो शब्द बरोबर असतो. असा राग येऊ शकतो हे मला स्वतःबद्दल माहीत नव्हतं.

त्याच संध्याकाळी जेवताना अण्णांनी सहज विचारलं, "कालीचं काम कसं चाललंय?" तू स्वयंपाकघरात होतीस. मी म्हणालो, "बरं चाललंय, पण बारीक रेषांना तिची नजर कमी पडते."

एवढंच. आमटी वाढून घेताना बोललेलं एक वाक्य. पण ते कुणाच्या घरात बोललो? अण्णांची आई चाळिशीत आंधळी झाली होती. अण्णा लहानपणी तिचा हात धरून तिला देवळात न्यायचे. डोळ्यांचं नाव काढलं की आपल्या घरात आवाज खाली येत. हे मला पाठ होतं आणि तरी मी बोललो. अण्णांचा घास हातात तसाच राहिला तेव्हाही मी वाक्य परत घेतलं नाही.

पुढचं तुला माहीत आहे. सकाळ-संध्याकाळ गुलाबपाणी. गाजरं. दिव्याखाली वाचायला बंदी. तरी एक गोष्ट तुला सांगायची आहे. धरमतल्याच्या डॉक्टरांनी तपासून तुला बाहेर बसवलं आणि अण्णांना व मला आत बोलावलं. ते म्हणाले, "मुलीला काही झालेलं नाही. नंबर नाही, दोष नाही. अशी नजर मला रोज बघायला मिळत नाही." अण्णा माझ्याकडे बघून म्हणाले, "डॉक्टर, हा माझा मुलगा शास्त्रज्ञ आहे. रोज यंत्रावर तिच्याबरोबर असतो. तो सांगतो, कमी पडते." डॉक्टर माझ्याकडे वळले. दोघंही मी काय म्हणतो त्याची वाट बघत होते.

मी म्हणालो, "काळजी घेतलेली बरी."

बाहेर तू बाकावर बसली होतीस, पर्स मांडीवर घट्ट धरून. विचारलंस, "काय म्हणाले?" अण्णा म्हणाले, "काळजी घ्यायला सांगितलंय." तू माझ्याकडे बघितलंस. मी टॅक्सी शोधायला रस्त्यावर गेलो. कालिंदी, तो बाक मला आजही दिसतो. धरमतल्याला जायची वेळ आली तर मी पलीकडच्या फुटपाथवरून जातो.

एप्रिलमध्ये तू राजीनामा दिलास. रडली नाहीस. वह्या क्रमाने लावून ठेवल्यास आणि मला म्हणालीस, "माझ्या मोजणीत आणखी कुठे चूक असेल तर सांभाळून घे, दादा." मी सांभाळून घेईन म्हणालो.

पुढच्या वर्षी लेख आला. शेवटी आभारात तुझं नाव आहे, मोजणीत साहाय्य केल्याबद्दल. अण्णांनी ती ओळ कापून देवघराच्या काचेला चिकटवली. गेले तोपर्यंत ती तिथे होती. अण्णांना मी काही सांगितलं नाही. शेवटच्या आजारपणातही नाही. आता त्यांना सांगता येत नाही आणि ते माझ्याकडे कायमचं राहिलं.

इथेच थांबलो असतो तर तुला वाटलं असतं, पुराने वह्या बाहेर आल्या, दादाला पश्चात्ताप झाला. तुझ्या मनात दादाबद्दल थोडं बरं राहिलं असतं. पण मग हे पत्रही त्या आकड्यासारखंच झालं असतं. म्हणून राहिलेलं लिहितो.

ऑक्टोबरच्या मध्यावर अमेरिकेतून एक पत्र आलं. तिकडच्या वेधशाळेतल्या एका तरुण बाईने नव्या उपकरणाने सातवी दीर्घिका पुन्हा पाहिली आहे. तिला सदतीसशे सत्तावीस सापडत नाही. फार सौजन्याने विचारते, की मूळ मोजणी कोणी केली होती आणि ती काच बघायला मिळेल का.

मी आठ दिवस विचार केला आणि उत्तर टाइप केलं. तुला त्यातली वाक्यं सांगतो. "मोजणी माझ्या तत्कालीन साहाय्यिकेने केली होती. पुढे तिच्या दृष्टीबद्दल शंका निर्माण झाल्याने तिने काम सोडले. त्यामुळे सदर आकडा विश्वसनीय मानू नये." वाचून बघ. एकेक वाक्य कोर्टात टिकेल. तुझं नाव छापलेलं होतंच, डॉक्टरकडे नेलेलं होतंच, राजीनामा होताच. सहा वर्षांपूर्वी मी नकळत स्वतःसाठी साक्षीदार तयार करून ठेवला होता.

पत्र सही करून पाकिटात घातलं, पाकीट खिशात. ही गुरुवारची सकाळ. पोट उत्तम होतं. मी नवा सदरा घालून, हातात संदेशचा पुडा घेऊन, बजबजच्या गाडीत बसलो होतो. वाटेत टपालपेटी दिसली की पाकीट टाकायचं आणि तुझ्याकडे जेवायला यायचं, असा बेत. गाडीत सगळीकडे भाईफोटाला, इकडच्या भाऊबीजेला, निघालेली किंवा परतणारी माणसं. समोर एक माझ्या वयाचा गृहस्थ, कपाळावर ओलं चंदन, मांडीवर बहिणीने दिलेला डबा. त्याने विचारलं, "दिदीर बाडी?" ताईकडे का? मी म्हटलं, "छोटो बोन." धाकटी बहीण. तो आनंदाने हसला.

तू पाटावर बसवशील, निरांजन उजळशील, माझ्या चेहऱ्यापुढून ओवाळशील, आणि ते पाकीट माझ्या सदऱ्यात, तुझ्या ताटापासून वीतभर अंतरावर. माझेरहाटला गाडी थांबली आणि मी उतरलो. पुडा त्याच गृहस्थाला दिला. त्याला मी वेडा वाटलो असेन.

तरीसुद्धा पाकीट फाडलं नाही. घरी येऊन उशीखाली ठेवलं. शुक्रवारी गुरुदत्तराव आले, डाळीचं बोलले, सुईचं बोलले, तेव्हा कुठे फाडलं. म्हणजे माझ्या अंगच्या चांगुलपणाने नाही, तुझ्या नवऱ्याच्या चार वाक्यांनी.

काल नवं पत्र पाठवलं. प्रत सोबत आहे. त्यात तुझं पूर्ण नाव आहे, तू काय मोजलंस ते आहे, आणि मी काय केलं तेही आहे, "नजरचूक" हा शब्द न वापरता. साहेबांनाही तेच लिहिलं. जानेवारीतल्या परिषदेचं निमंत्रण बहुधा रद्द होईल. इन्स्टिट्यूटमध्ये काय होईल ते माहीत नाही. मला त्याचं काही वाटत नाही असं लिहिणार होतो, पण खूप वाटतंय. आशाला सगळं सांगितलं. ती कालपासून माझ्याशी जेवणापुरतं बोलते आहे.

आता तुझ्याबद्दल. माझ्या एका शब्दावर तू तुझे डोळे सोडून दिलेस. आता माझ्याच शब्दावर ते परत घेऊ नकोस. म्हणून मंगळवारी गुरुदत्तराव कलकत्त्याला येतील तेव्हा त्यांच्या हाती सातवी काच पाठवतो. आपलं जुनं भिंगही. भाऊबीजेची ओवाळणी समज. महिनाभराचीच, कारण काच तिकडे परत करायची आहे. ओवाळणी परत मागणारा भाऊ तूच पहिल्यांदा बघशील. ती उत्तरेच्या खिडकीशी धर. निऑन शोध. मग जिथे असायला हवी तिथे बघ, हवं तर दोनदा, पण डाळीसारखं नको. मग ट्रंकेतला फॉर्म काढ किंवा काढू नकोस, ते तुझं तू ठरव. पंधरा तारखेला अजून दहा दिवस आहेत.

क्षमा मागत नाही. मागितली तर तू देशील, तुझी सवय मला ठाऊक आहे, आणि ती मला इतक्यात नको.

पेटीच्या मखमलीखालचं पान एक्केचाळीस सोबत जोडलं आहे. कडा फाटलेल्या आहेत, बाकी जसंच्या तसं. त्यावर तुझी सही आहे आणि दुसरी जागा तेव्हापासून रिकामी होती. आज ती भरली. पत्राखाली "तुझा दादा" लिहिण्याचा माझा हक्क उरला आहे का ते मला कळत नाही, म्हणून त्या पानावर केली तीच सही इथे करतो.

काच सातवी. सदतीसशे सत्तावीस: नाही.
मोजणी बरोबर आहे.

मोजणारी: कालिंदी
तपासणारा: श्यामकांत
(तपासायला सहा वर्षं आठ महिने लागले.)